माझ्यात टाकलेली बातमी

मी एक जुनी वेताची टोपली आहे. रद्दीची टोपली! मित्रांनो, नाक मुरडू नका. कुणाला बघून मुरडायचं ते ऐकल्यावर ठरवा.

मला विणणारी बाई मोठी तोंडाळ. बूड आवळताना म्हणाली, "जा गं, आता लोकांचं नको ते पोटात घाल." मी जाऊन पडले एका गावच्या दैनिकात, संपादकांच्या टेबलाखाली.

साहेब आठवडाभर बातम्या बघत आणि रविवारच्या पुरवणीत कादंबरीचं एक प्रकरण लिहीत. आधी लिहून ठेवतील तर शपथ! शनिवारी दुपारी पुरवणी छापायला निघाली की बाह्या सरसावून बसत आणि एकेक ओलं पान छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातात देत. न जमलेलं पान माझ्यात येई. त्यांच्या नायिकेची कितीतरी लग्नं माझ्या पोटात मोडली आहेत. वाचकांची पत्रं मात्र त्यांनी कधी माझ्यात टाकली नाहीत, शिव्या देणारीसुद्धा.

एका शुक्रवारी त्यांची लेक धापा टाकत आली. ती शाळेत शिक्षिका होती. केसांत सिमेंटची पूड.

"बाबा, आज एका पोरीच्या वहीवर छताचा ढलपा पडला. उद्या डोक्यावर पडेल. मुख्याध्यापक ऐकून घेत नाहीत. तुम्ही छापा."

साहेब स्वतः जाऊन छत बघून आले आणि बातमी लिहिली. पण दैनिकाची प्रत्येक बातमी छापण्याआधी मालक वाचत. शनिवारी सकाळी ते तरातरा आले. शाळेची इमारत त्यांच्या जावयानं बांधली होती.

"माझ्याच पेपरात माझ्या जावयाची अब्रू काढता?"

"मालक, त्या छताखाली पोरं बसतात हो!"

"ही बातमी नाही. विषय संपला. तुम्ही आपली कादंबरी लिहा. बायकांना दुपारी वाचायला लागते."

त्यांनी कागदाचा बोळा केला आणि माझ्यात भिरकावला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! पोरांचा जीव म्हणजे काय रद्दी आहे?

मालक गेले. साहेब खाली वाकले, तो बोळा उचलला, गुडघ्यावर ठेवून तळहातानं सपाट केला आणि कादंबरीचं कोरं पान पुढे ओढलं. दुपारपर्यंत त्यांची नायिका शिक्षिका झाली होती. कुठला वर्ग, कुठली तुळई, गंजलेल्या सळ्या कुठे उघड्या पडल्यात, सगळं त्या प्रकरणात आलं. शेवटी गावातल्या आया पोरांना वर्गातून बाहेर काढतात आणि शाळा मैदानात भरते.

जुळारी हसायला लागला. "साहेब, हिचं तर मागच्या रविवारी लग्न ठरलं होतं ना?"

"लग्न थांबेल," साहेब म्हणाले, "छत थांबणार नाही."

मालक कादंबरी कधीच वाचत नसत. तिथेच फसले! सोमवारी शाळेच्या फाटकात आया उभ्या. एकीनंही पोराला आत सोडलं नाही. साहेबांच्या लेकीनं फळा उचलून मैदानात आणला.

मंगळवारी मालक ऑफिसात येऊन थयथयाट करू लागले. "काल जेवताना बायको मला विचारते, कादंबरीतली ती शाळा आपल्या जावयाचीच ना हो? मला! माझ्या घरात!" साहेबांना त्याच दिवशी नारळ मिळाला. कादंबरी अर्धीच राहिली.

गुरुवारी त्या वर्गाचं छत रिकाम्या बाकांवर कोसळलं. पोरं मैदानात पाढे म्हणत होती. कुणाला साधं खरचटलंही नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर काय छापून आलं? 'मालकांच्या दूरदृष्टीमुळे अनर्थ टळला.' वर हसरा फोटो! निर्लज्जपणालाही काही सीमा असते की नाही?

साहेब वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी त्यांच्या नावाचं दालन उघडलं. फीत जावयानं कापली, कारण आता तोच मालक आहे. "संपादक आमच्या घरातलेच," असं म्हणून त्यानं डोळेही पुसले. त्यांची खुर्ची, त्यांचा चष्मा आणि मी, आम्हाला काचेआड ठेवलंय. माझ्यापुढे पाटी आहे, 'नको असलेल्या बातम्या संपादक या टोपलीत टाकत.'

खोटं! साफ खोटं!

साहेबांची लेक मागच्या रांगेत उभी होती. केस पांढरे झालेत तिचे. तिनं पाटी वाचली आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या बाबांनी टाकली नव्हती. उचलली होती." मग जावयानं टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या आणि सगळे चहाला गेले. पाटी अजून तिथेच आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. माझा वेत उसवलाय, काठ झिजलाय, त्याचं मला काही नाही. माझ्यावरची धूळ खुशाल राहू द्या. ती पाटी तेवढी काढा. आणि कुठल्याही टोपलीत चुरगळलेला कागद दिसला, तर तो टाकला कुणी एवढं विचारा, आणि वाकून उचला.