सुईला किती वेळ लागतो?

‘रक्ताच्या नळीवर चुकीचं नाव. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.’ नोटीस वाचून प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंची कानशिलं तापली. आणखी एक चूक झाली की नोकरी जाणार होती. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही नळी इकडची तिकडे झाली नव्हती. महिन्यापूर्वी संगणकावर नवी व्यवस्था आली आणि चार झाल्या!

ती बनवणारा अभियंता वरच्या मजल्यावर बसे. रक्त घेण्याची खोली त्याने पाहिलीच नव्हती. मिनिटभर हात लागला नाही, की संगणकाचा पडदा आपोआप बंद होई; उघडला की खुर्चीतल्या रुग्णाऐवजी यादीतलं पहिलंच नाव समोर. थकल्या माणसाची शीर मिनिटात सापडते थोडीच!

“उद्या मोठे साहेब पाहणीला येतायत,” बाई वयस्कर परिचारिकेला म्हणाल्या. “मी मुद्दाम हातावर हात धरून बसते. रांग रस्त्यापर्यंत जाऊ दे. कापलं जाऊ दे त्याचं नाक!”

“काप की! पण रांगेतल्यांनी तुझं काय घोडं मारलंय? सूड घ्यायचाय ना? मग त्यालाच कामाला लाव.”

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर बाईंनी अभियंत्याला हातमोजे दिले. “सुई मी टोचते. खुर्चीतल्या या आजोबांचा हात धरणं, नळ्या हलवणं, नोंद करणं तुमच्याकडे.”

आजोबांचा हात थरथरत होता. शीर सापडेपर्यंत पडदा बंद झाला. अभियंत्याने घाईघाईत मोजा ओढून काढला, पडदा उघडला, चिठ्ठी छापली आणि नळीला लावायला घेतली.

“थांबा! नाव वाचा.”

चिठ्ठीवर आजोबांऐवजी यादीतल्या पहिल्याच रुग्णाचं नाव होतं. साहेब बघत होते. तंत्रज्ञ बाईंनी शांतपणे नोटीस पुढे केली. “माझं नाव खोडून तुमचं लिहा. निष्काळजीपणा हा शब्द तसाच राहू द्या.”

“मला वाटलं, सुईला वीस सेकंद लागतात,” तो पुटपुटला.

“कुणाला विचारलंत?”

“कुणालाच नाही. चूक माझी, बाई. मी तसं लेखी देतो.”

त्याने दिलं. मग रोज सकाळी तो खोलीत येऊन उभा राहू लागला. नवे पडदे बनवण्याआधी कागदावर काढून आणू लागला. पहिल्या पाचांतले चार बाईंनी लाल शाईने खोडले, आणि खोडताना त्यांना फार बरं वाटलं. पाचवा मात्र त्यांनी दोनदा पाहिला. “हा जमलाय,” त्या नाइलाजाने म्हणाल्या, आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

वाचकहो, जिच्या हातांनी व्यवस्था चालणार, तिला शेवटी प्रशिक्षणापुरतं बोलावून भागत नाही. पहिली रेघ ओढताना तिला विचारा, आणि शेवटच्या रेघेपर्यंत विचारत राहा. नाहीतर तुमची चूक तिच्या नावावर चढते. आणि ती ते विसरत नाही!