सुरक्षा तपासणीच्या पलीकडची एकतीस दारे

मित्रांनो, मी एक जुने भित्तिचित्र आहे. भाजलेल्या मातीच्या सहाशे फरश्या जोडून मला घडवले आणि विमानतळाच्या इमारतीत, विमानाची वाट बघत लोक बसतात त्या दालनात बसवले. माझ्या अंगावर एक गल्ली आहे. तिच्यात एकतीस घरे आणि एकतीस दारे आहेत. खरी गल्ली आता नाही. ती जिथे होती तिथून आज विमाने उडतात.

धावपट्टी लांबवायची ठरली तेव्हा ती गल्ली उठवली आणि माणसांना शहराबाहेर एकसारखी घरे बांधून दिली. पुढे विमानतळाची नवी इमारत उभी राहिली. तिच्या कोऱ्या भिंती व्यवस्थापनाला खुपू लागल्या. सजावट बाहेरून आणण्यापेक्षा इथल्याच कलावंतांना काम द्यावे असे ठरले आणि तशी जाहिरात निघाली. चाळीस जणांनी नमुने पाठवले. त्यांत दोन बहिणींचा एक होता. थोरली मातीकाम करायची, धाकटी दुकानांच्या पाट्या रंगवायची. दोघी त्याच उठवलेल्या गल्लीत वाढलेल्या.

निवड समितीतल्या साहेबांना ढग आणि पक्षी हवे होते. थोरली एवढेच म्हणाली, की ढग प्रवाशांना खिडकीतून दिसणारच आहेत. काम त्यांना मिळाले.

मग दोघी नव्या वस्तीत घरोघर फिरल्या. तुमचे दार कसे होते, असे विचारत. एका काकूंचे म्हणणे, दार हिरवे होते. काका म्हणत, निळे. तासभर वाद झाला, चहा दोनदा झाला. शेवटी थोरलीने त्या दाराची एक फळी हिरवी केली आणि एक निळी. गल्लीतल्या शिंप्याला दाराचा रंग आठवेना, पण फटीतून शेजारी वर्तमानपत्र सरकवायचे ती फट किती रुंद होती ते त्याने दोन बोटे धरून दाखवले. प्रत्येक घरच्यांनी आपापल्या उंबऱ्याच्या ओल्या मातीवर अंगठा दाबला. थोरली सगळ्यांना सांगत होती, "भिंत बाहेरच्या दालनात आहे. कधीही या आणि बघा." साहेबांनी तिला तसेच सांगितले होते.

मला भाजायला अकरा महिने लागले. कितीतरी फरश्या भट्टीत तडकल्या, त्या पुन्हा केल्या. थोरलीचे मनगट पोळले, तो डाग अजून आहे. मी तयार झाले तेव्हा कळले, की बाहेरच्या दालनात तिकीट खिडक्या वाढल्या आहेत. माझी जागा हलवली होती. आता मी सुरक्षा तपासणीच्या पलीकडे लागणार होते. तिकिटाशिवाय तिथे कुणालाही सोडत नाहीत.

थोरली साहेबांना भेटायला गेली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तिला बसवले, पाणी दिले आणि करार पुढे केला. जागेचा निर्णय व्यवस्थापनाचा राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. खाली दोघी बहिणींच्या सह्या होत्या.

"उलट इथे जास्त लोक बघतील तुमचं काम," साहेब म्हणाले.

"बघतील, साहेब. पण ज्यांचं आहे ते नाही."

उद्घाटनाच्या दिवशी माझे फार कौतुक झाले. फोटो निघाले, भाषणे झाली. त्याच वेळी वस्तीतली माणसे स्वच्छ कपडे घालून इमारतीच्या काचेच्या दारासमोर उभी होती. पहारेकरी त्यांच्याकडे तिकीट मागत होता. थोरलीला ते कळताच ती बाहेर गेली आणि इतके दिवस सांगायचे टाळले होते ते तिने सांगितले, की जागा बदलली आहे. कुणी चिडले नाही. हिरव्या दाराच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा आम्हीच बाहेर." त्यानंतर कित्येक महिने थोरली वस्तीकडे फिरकली नाही, अगदी तिथे राहणाऱ्या वडिलांनाही भेटायला गेली नाही.

वर्षे गेली. सुरुवातीला प्रवासी माझ्यापाशी थांबत, मुले दारे मोजत. मग लोक मला टेकून बॅगा ठेवू लागले. माझ्या तीन फरश्या फोडून फोन चार्ज करायची जागा केली. पुढे माझ्या डाव्या अर्ध्या अंगाला लागून अत्तरांचे दुकान आले. त्याचे कपाट माझ्यातच खिळे ठोकून बसवले.

थोरलीचे अर्ज चालूच होते. नवव्या वर्षी एका दुपारपुरते सात पास मिळाले. शिंपी तोवर गेला होता. काकूही गेल्या होत्या. जे आले त्यांच्यात बहिणींचे वडील, आप्पा, होते. दुकान आल्याचे थोरलीला कुणी कळवले नव्हते. ती माझ्यासमोर आली आणि तिथेच थबकली. ज्यांची दारे उजवीकडे होती त्यांना ती सापडली. एक म्हातारे गृहस्थ आपल्या उंबऱ्यावरच्या खळग्यात अंगठा बसवून बराच वेळ उभे राहिले.

आप्पांचे दार डावीकडे होते. दुकानातल्या मुलीने काय चालले आहे ते विचारून घेतले आणि कपाटाच्या एका फळीवरच्या बाटल्या उतरवल्या. आप्पांनी त्या फळीच्या मागे हात घातला. त्यांची बोटे माझ्यावरून चाचपडत फिरली, एका दाराच्या कडीवर थांबली.

"आप्पा," थोरली हळूच म्हणाली, "हे आपलं नाही. हे काकूंचं दार आहे. आपलं पलीकडे, कपाटाच्या बंद भागामागे राहिलं."

आप्पांनी हात काढला नाही. "असू दे," ते म्हणाले. "त्यांच्या दाराला तरी कोण हात लावणार होतं?"

पुढच्या वर्षी आप्पाही गेले.

आता ही इमारतही लहान पडू लागली आहे. मागच्या आठवड्यात दोन इंजिनिअर आले, त्यांनी टेप लावून माझी लांबी मोजली आणि एका कोपऱ्यात लाल फुली मारून गेले. दोघी बहिणींनी पत्रे लिहिली आहेत, की काढायचेच तर एकेक फरशी सोडवून काढा, आम्ही वस्तीत नेऊन लावू. उत्तर आलेले नाही. फरश्या सोडवायला दिवस लागतात, पाडायला एक सकाळ पुरते.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी मातीत हात घालेल, कुणी निवड समितीच्या खुर्चीवर बसेल. कुणाच्या आठवणी मागून घेऊन काही घडवाल, तेव्हा ते कुठे लागणार आणि ती माणसे तिथवर पोहोचणार का, हे आधी विचारा आणि लेखी घ्या. माझ्यासारखी भिंत कुठे दिसली तर बॅग जरा लांब ठेवा, दोन मिनिटे उभे राहा. तुम्ही सहज जिथे पोहोचलात, तिथे येण्यासाठी कुणीतरी नऊ वर्षे अर्ज करत असते.