कुटुंबप्रमुख येशू साळवे

आमच्या घराचे कुटुंबप्रमुख प्रभू येशू ख्रिस्त आहेत. हे मी भक्तिभावानं सांगत नाहीये. उन्हाळ्यात सरकारी सर्व्हेवाले गावात घरोघर माहिती घेत फिरत होते, तेव्हा टॅबमध्ये तशी नोंदच झाली. नाव येशू, आडनाव साळवे, वय तेहेतीस, धंदा सुतारकाम.

हा सगळा पराक्रम माझ्या सासूबाईंचा, पुष्पावतीबाईंचा. आमचं गाव काष्टीपासून चार कोसांवर. गावात ख्रिस्ती घरं अकरा आणि भांडणं त्याहून जास्त. त्यातली निम्मी आमच्या एकट्याच्या घरातली. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि घराचा कर्ता कोण यावरून दोघा भावांत जुंपली. माझे मालक भागवत थोरले, सातवी शिकलेले, शेती बघणारे. धाकटे श्रीमंत भाऊजी नगरच्या कंपनीत सुपरवायझर, रोज मोटारसायकलनं येऊन-जाऊन. दोघं एका ताटात जेवलेले भाऊ, आणि आता एकाच्या मोबाईलला दुसऱ्याचा चार्जर चालेना.

तर त्या दिवशी सर्व्हेच्या मॅडम दारात उभ्या राहिल्या, घामाघूम. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कुटुंबप्रमुख कोण?"

"मी," पुढच्या दारातून आमचे हे म्हणाले.

"मी," मधल्या दारातून भाऊजी म्हणाले.

मॅडमनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. तेवढ्यात सासूबाई तांदूळ निवडता निवडता उठल्या आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'ख्रिस्त या घराचा धनी आहे.' आमच्यातल्या बहुतेक घरांत अशी पाटी असते. आमच्याही होती, वर पाल आणि खाली कॅलेंडर.

"वाचता येतं ना बाई? मंग ल्हिवा त्याचं नाव."

"आजी, खरं माणूस सांगा."

"त्याच्याइतकं खरं मानूस या घरात दुसरं न्हाई. चाळीस वर्सं झाली, रोज 'तुझे राज्य येवो' म्हनतीय. आन् राज्य यायला निघालं की हे दोघं दारात आडवे पडत्यात. न्हाई, आज येऊच द्या त्याला."

ऊन असं होतं की मॅडमना वाद घालायचा दम नव्हता. त्यांनी आडनाव विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "आमचंच लावा. तो काय न्हाई म्हननार न्हाई." मोबाईल नंबर विचारला, तर म्हणाल्या, "हाक मारली की येतो." मग प्रत्येकाचं प्रमुखाशी नातं. सासूबाई? लेक. भागवत? लेक. श्रीमंत? लेक. मी आणि माझी धाकटी जाऊ अश्विनी? त्यापण लेकी. म्हणजे एका बोटाच्या टिचकीसरशी सरकारदरबारी अश्विनी माझी सख्खी बहीण झाली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता!

कारण माझं आणि अश्विनीचं विळ्या-भोपळ्याचं नातं. ती नगरची, बारावी सायन्स. चहात साखर घालताना औषध मोजल्यासारखी घालते. मला वेगळी चूल हवी होती. माझा ओटा, माझा मिसळणाचा डबा, माझं राज्य. दोन वर्षं मी यांच्या कानाशी भुणभुण लावून शेवटी गवंडी ठरवायला लावला होता. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घालायची, येत्या महिन्यातल्या एका सोमवारी.

मॅडम गेल्या आणि सासूबाईंनी नवं फर्मान काढलं. "आता घराचा धनी लागला. ज्याला जे पायजे ते त्यानं संध्याकाळच्या प्रार्थनेत उभं ऱ्हाऊन मोठ्यानं मागायचं. धन्यासमोर, समद्यांच्या देखत. जे मोठ्यानं मागवत न्हाई, ते घरात व्हनार न्हाई."

एवढंच. ऐकायला किती सोपं वाटतं! पण तुम्ही एकदा करून बघा.

पहिले उठले श्रीमंत भाऊजी. घसा खाकरून, डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, समोरची खोली मला मिळावी, कारण माझ्याकडं कंपनीची मोठमोठी माणसं येत्यात आणि दादाकडं..." इथं थांबले. एक डोळा उघडून दादाकडे पाहिलं. दादा हाताची घडी घालून ऐकत होते.

"बोल की," सासूबाई म्हणाल्या. "दादाकडं काय?"

"दादाकडं... पन चांगली माणसं येत्यात," भाऊजी म्हणाले आणि घाईनं आमेन म्हणून बसले. आमचा पोरगा ओम खुदकन हसला. त्याच्या पाठीत मी धपाटा घातला, पण मलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी यांची पाळी. विहिरीवर मोटर एक, लाईट आठ तास, कांदा दोघांचा वेगवेगळा. हे उभे राहिले. "प्रभू, पाणी पयलं माझ्या कांद्याला मिळू दे. श्रीमंत्याचा कांदा..." देवासमोर 'श्रीमंत्याचा कांदा जळू दे' असं म्हणायला तोंड उघडेना बिचाऱ्यांचं. शेवटी, "आलटूनपालटून घेतो मग," असं पुटपुटून बसले. कपाळावर हा घाम.

कायदा सासूबाईंनाही सुटला नाही. त्यांना मधुमेह. कुणाच्या तरी बारशाचे पेढे आले होते. त्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "प्रभू, एक खाऊ का? अर्धा?" आणि कान देऊन थांबल्या. मग मोठा उसासा टाकून म्हणाल्या, "न्हाई म्हनतोय," आणि डबा ओमच्या हातात दिला.

पंधरा दिवसांत आमच्या घराची गावभर कीर्ती झाली. शेजारचे अजिनाथ मामा, जन्माचे देवीभक्त, तेसुद्धा दारात येऊन विचारायचे, "भिंतीवरचे मालक हायेत का घरात? आमच्या बांधावरच्या बाभळीचा निकाल पायजेल हुता." आणि चहा पिऊन जायचे. बाभळीचा निकाल आमच्या मालकानं काय दिला ठाऊक नाही, पण मामांनी बाभळीवरून भांडणाऱ्या भावकीतल्या माणसाला एक दिवस आमच्याच ओट्यावर चहाला आणलं.

घर असं हलकं झालं होतं की काय सांगू! संध्याकाळ कधी होते असं पोरांना व्हायचं. कोण काय मागायला उठतं आणि कुठं अडकतं याची पैज लागायची. भाऊजी अडकले की हे हसायचे, हे अडकले की भाऊजी. दोन वर्षांनी एका खोलीत दोघांचं हसू ऐकलं. सासूबाई प्रार्थना म्हणताना 'तुझे राज्य येवो' या ओळीशी आल्या की मुद्दाम थांबून चष्म्यावरून सगळ्यांकडे एक नजर फिरवायच्या.

फक्त मी उठले नव्हते. तोंडानं 'तुझे राज्य येवो' म्हणायचे आणि मनात म्हणायचे, ये बाबा, सगळीकडे ये, फक्त स्वयंपाकघरात येऊ नको. गवंड्याला तर बोलावून झालं होतं.

रविवारची संध्याकाळ आली. सोमवारी सकाळी गवंडी येणार. अंगणात सिमेंटचे ब्लॉक रचून ठेवलेले. प्रार्थनेला बसलो तर सासूबाई म्हणाल्या, "शोभे, भिंत तुला पायजे ना? मंग माग. न्हाईतर गवंडी दारातनंच माघारी जाईल."

उठले. काय त्यात, म्हटलं. वेगळी चूल मागणं हे काही पाप नाही. पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, आणि सुरुवात केली, "प्रभू, मला वेगळं स्वयंपाकघर दे. कारण की..."

कारण की. इथंच घोडं पेंड खातं बघा. कारण काय सांगू? दोन वर्षं मी यांना जे कारण सांगत आले होते ते सगळ्यांसमोर सांगता येत नव्हतं, कारण ते खोटं होतं. आणि ज्याच्यासमोर उभी होते त्याला ते ठाऊक होतं.

बसून घ्यावं असं वाटलं. पण यांच्यासारखं, भाऊजींसारखं पुटपुटून बसता येईना. कुणीतरी आतून ढकलल्यासारखं झालं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"कारण की मी खोटं बोलले. मामंजींच्या स्मरणाच्या उपासनेला माझी आमटी खारट झाली असं अश्विनी चाळीस माणसांत म्हणाली. त्याचा मला राग होता. म्हणून मी यांना सांगितलं, अश्विनी म्हणते भागवतदादा अडाणी आहेत, त्यांच्या हातात घर गेलं तर बुडेल. ती असं म्हणाली नव्हती. मी बनवून सांगितलं."

माझ्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट येत होती. श्रीमंत भाऊजींना शिकता यावं म्हणून यांनी सातवीनंतर शाळा सोडलेली. 'अडाणी' हा शब्द मी नेमका कुठं मारला होता हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर तोच निवडला होता.

"दोन वर्सं," हे हळूच म्हणाले. "दोन वर्सं मी त्याच्याशी नीट बोललो न्हाई, शोभे. बाप गेल्यावर एकाच खोलीत पाठी करून बसलो आमी दोघं."

मला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. तेवढ्यात अश्विनीच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं ती रडतेय. पाहते तर पदर तोंडात कोंबून हसत होती.

"ताई, मी म्हणाले होते," ती म्हणाली. "अडाणी म्हणाले होते. पण दादांना नाही हो... तुम्हाला!"

आणि सुटलीच ती. तिच्या मागोमाग भाऊजी, मग पोरं, मग सासूबाई पोटाला हात लावून. आणि मी, जिची अब्रू आत्ताच चारचौघांत धुतली गेली होती, ती मीसुद्धा! हसतेय आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, थांबायला तयार नाही. अश्विनी उठून माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "आमटी पण खरंच खारट होती." मी तिला चिमटा काढला, सोडलं मात्र नाही.

हसता हसता भाऊजी उठले. खिशातून मोबाईल काढून गवंड्याला सांगितलं, उद्या येऊ नका. मग दादांजवळ जाऊन जमिनीवर बसले. म्हणाले, "दादा, तू बोलेनास तवा मीच यायला पायजे हुतं. विचारायला पायजे हुतं का म्हनून. मला वाटलं, खोलीसाठी रुसलाय."

यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पण माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे हसले होते, हे हसले नव्हते. मी तिथंच उभी. मनात म्हटलं, राजा आला की आधी न्यायनिवाडा करणार, आता भोग.

मग हे उठले. डोळे मिटले, हात जोडले आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"प्रभू, हिला माफ करायला मला जरा टाईम लागंल. लई लागलंय मला. पन आज मी हिच्याच हातचं जेवतो, आन् जेवताना रुसनार न्हाई. उद्याचं उद्या पुन्हा मागतो. आज यवढं चालंल का?"

सासूबाईंनी पेढ्याच्या वेळी दिला होता तसा कान दिला नाही, की काही सांगितलंही नाही. उत्तर सगळ्यांनाच ऐकू आलं होतं.

'आमेन' सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणाले.