रविवारचा तास

घड्याळबाई हे नाव तिला ऑफिसनं ठेवलेलं. कंपनीचं सॉफ्टवेअर सतरा देशांतल्या दवाखान्यांत चालायचं. कुठल्या देशात ऋतूनुसार घड्याळ कधी पुढे जातं, कधी मागे येतं, याचा तक्ता दहा वर्षं ती एकटी डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती. तक्ता बरोबर असला की कुठे काही बिघडत नाही. त्यामुळे ती दिवसभर नेमकं करते काय, हा ऑफिसला पडलेला जुना प्रश्न होता.

बुधवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई लग्न होऊन ज्या देशात गेली होती, तिथे येत्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जायची होती. तिथल्या मंत्रिमहोदयांनी मंगळवारी जाहीर केलं की यंदा राहू द्या, जनतेच्या झोपेचं खोबरं होतं. जनतेची झोप त्यांना नेमकी पाच दिवस आधी आठवली होती.

ताईची काळजी वेगळीच होती. "रविवारी सातला ह्यांचं डायलिसिस आहे. तुमच्या ॲपनं घड्याळ पुढे गेलंय असं धरून सहालाच बोलावलं, तर तासभर बंद दारापुढे थंडीत उभे राहतील गं ते."

घड्याळबाईनं सरकारी राजपत्र शोधून खात्री केली, तक्त्यातली एक ओळ बदलली, तपासली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, बदल-समिती दोन आठवड्यांनी बसते. तातडीचा अर्ज करता येईल, पण त्यात कारणं दोनच आहेत: आग आणि पूर. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "त्या देशाला दोन आठवडे थांबायला सांगता येणार नाही का?"

"नाही, सर," ती म्हणाली.

साहेबांनी हळहळ व्यक्त केली आणि शुक्रवारी ते वेळेच्या नियोजनावरच्या शिबिराला निघून गेले. जन्मात कधी रांग न मोडलेल्या बाईनं त्या दुपारी कुणालाही न विचारता ती ओळ सगळ्या दवाखान्यांकडे पाठवून दिली.

रविवारी ताईचा निरोप आला: भावोजी सातच्या ठोक्याला आत गेले. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात दुसऱ्याच कंपनीचं ॲप होतं. तिथली म्हातारी माणसं सहापासून पायरीवर कुडकुडत बसली होती. ताईनं थर्मासमधला चहा त्यांना वाटून टाकला.

सोमवारी अखंड सेवेबद्दल साहेबांचं अभिनंदन झालं. घड्याळबाईला लेखी ताकीद मिळाली; शिस्तभंग, आणि तोही न घडलेल्या गोंधळासाठी. खाली खुलाशासाठी दोन ओळींची जागा होती. तिनं एकच वापरली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा असंच करीन," असं लिहून तिनं कागद साहेबांपुढे सरकवला.

साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता त्यावर 'मंजूर' लिहून सही केली.