पाण्याखालच्या विहिरीभोवती

आमचे आप्पा ऐकत नाहीत. कान त्यांचे चांगले आहेत, पलीकडच्या काठावरून बब्रुवानकाकांनी हाक मारली तरी लगेच ओ देतात. पण आईचं वाक्य सुरू झालं की ते संपायच्या आत आप्पा चपला घालून दाराबाहेर. लग्न झाल्यापासून आई अर्धं बोलणं त्यांच्या तोंडावर आणि अर्धं पाठीला सांगत आली.

नळदुर्गच्या अलीकडं बोरी नदीच्या धरणाचा फुगवटा आमच्या शिवारात शिरलाय. आमचं निम्मं रान पाण्याखाली गेलं आणि निम्मं पलीकडच्या काठाला राहिलं. रस्त्यानं जायचं तर पुलावरून लांबचा वळसा पडतो, म्हणून आप्पा होडीनं जातात. पत्र्याची होडी, दोन वल्ही. वाटेत पाण्याखाली आमच्याच बांधावरच्या बाभळींचे खुंट आहेत आणि पणजोबांनी बांधलेली दगडी विहीर आहे. पाणी उतरत जाईल तशी विहीर वर येत जाते, पण दिसत मात्र नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी आभाळ भरून आलं. पलीकडं सोयाबीनचा ढीग उघडा पडलेला. आई म्हणाली, "अवो, वारं सुटलंय, जाऊ नका." आप्पांनी "जाऊ" एवढंच ऐकलं असावं, कारण ते गेले. होडी विहिरीच्या दगडावर आदळली, तळ फाटला आणि ती बुडाली. आप्पा गळ्याएवढ्या पाण्यात पणजोबांच्या विहिरीच्या आतल्या पायरीवर उभे राहिले. बब्रुवानकाका ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून पोचेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि आई या काठावर.

घरी आणल्यावर तिनं त्यांचं अंग पुसलं, गरम चहा दिला आणि म्हणाली, "इतकी वर्सं बोलून बघितलं. आता न बोलून बघते."

आणि खरंच बोलेना. जेवायला वाढलं की म्हशीला सांगायची, "भाकरी गार व्हायलीय गं." म्हैस बिचारी रवंथ करायची आणि आप्पा मुकाट्यानं पानावर येऊन बसायचे. मी कळंबला एका शाळेत लिपिक आहे, सुट्टीला घरी येते. मी आले की म्हशीला सुट्टी मिळायची. "हर्षाली, त्यांना सांग पाणी तापलंय." आप्पा हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. माझं डोकं फिरायचं, पण करते काय?

होडीचा तळ जोडून आणल्यावर आप्पा परत पलीकडं जायला लागले. रान टाकून देणार आहे का कोण! मग मला माझा जुना टॅब आठवला. परीक्षेच्या अभ्यासासाठी एका योजनेतून मिळालेला, नोकरी लागल्यापासून कपाटात पडून होता. त्यात मी होडीवाल्यांसाठीचं एक ॲप घातलं. त्यातला वरून काढलेला फोटो दुष्काळातल्या उन्हाळ्यातला निघाला, धरण आटलेलं असतानाचा. त्यात आमचे बांध, बाभळी, विहिरीचा गोल, सगळं स्वच्छ दिसत होतं. आम्ही होडीत बसलो की आमचा निळा ठिपका त्या कोरड्या रानातून चालायचा. आप्पा बघतच राहिले. "ही आपली तुरीची पट्टी," म्हणाले, आणि वल्हं मारायचं विसरले.

एका रविवारी आम्ही लांब बांबू घेऊन पाणी चाचपत फिरलो. बांबू कशाला अडला की आप्पा म्हणायचे, "हितं मार खूण." खुंटांच्या खुणा झाल्या, विहिरीची झाली, दोन्ही काठांची झाली. होडी खुणेजवळ आली की टॅब आधीच बोलून सावध करायचा. टॅबला पाणी लागू नये म्हणून मी तो साडीच्या चेनवाल्या पारदर्शक पिशवीत घातला आणि सुतळीनं पुढच्या फळीला बांधला.

अडचण एकच निघाली. ॲपमधली बाई हिंदीतून बोलायची. "आगे खतरा है" म्हणाली की आप्पा पेटायचे. "ही कोण टिकोजी मला सांगनारी?" म्हणून मुद्दाम तिकडंच होडी घालायचे.

त्यात आपला आवाज भरायची सोय होती. मी आईकडं गेले. ती भाकऱ्या थापत होती.

"आई, यात तुझा आवाज भरायचाय. आप्पांसाठी."

"मी त्यांच्यासंगं बोलत न्हाय."

"त्यांच्याशी नको बोलू. या पाटीशी बोल."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, तेवढा विचार केला. "पाटीसंगं बोलायला काय," म्हणाली आणि पिठाचे हात पदराला पुसून समोर बसली.

खुंटासाठी म्हणाली, "अवो, उजव्या हाताला घ्या. खुंट हाय." काठासाठी म्हणाली, "काठ आला. दमानं उतरा, गुडघ्याला जपा." गुडघ्याचं मी सांगितलं नव्हतं. शेवटी विहीर. "अवो, तिकडं न्हाय. हीर हाय तिथं." एवढं बोलून ती थांबली. मी बटण सोडायच्या बेतात होते, तेवढ्यात ती अगदी हळू म्हणाली, "ऐका की वो माझं."

ते मला कापता आलं असतं. कापवलं नाही.

त्यानंतर शिवारात थट्टेला ऊत आला. आवाज पाण्यावरून लांब जातो. बब्रुवानकाका काठावरून ओरडायचे, "बलभीम, वैनी घरात बोलंनात अन् धरनात बोलायल्या व्हय?" आप्पा हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. मात्र युवराजनं, माझ्या भावानं, फोनवर सांगितलं त्याचं मला नवल वाटलं. आप्पा टॅब स्वतः चार्जिंगला लावतात, पिशवी धोतराच्या सोग्यानं पुसतात, सकाळी लवकर होडी काढतात आणि संध्याकाळी उशिरा येतात. घरात अबोला तसाच होता.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला मी घरी आले. आमच्याकडं येळवस म्हणजे दिवाळीहून मोठा सण. सगळं घर रानात जाऊन कडब्याच्या खोपीत पूजा करतं, मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील यांचं जेवण करतं. आदल्या संध्याकाळी आई आंबिलीच्या तयारीला लागली होती, आणि मी टॅब उघडून होडी कुठून कुठून गेली ते बघत बसले. ॲप प्रत्येक फेरीची रेघ काढून ठेवतं. रेघ या काठावरून सरळ निघायची, खुंट चुकवायची आणि विहिरीपाशी गेली की गोल फिरायची. एक वेढा, दोन वेढे, कधी त्याहून जास्त. रोजच. नकाशावर विहिरीभोवती सुताचा गुंता झाला होता.

आप्पांना दिसत नाही की काय? वाट चुकतात? मी घाबरून टॅब आईपुढं धरला आणि रेघ समजावून सांगितली. तिनं त्या गुंत्यावर बोट टेकवलं.

"जिथं जाऊ नका म्हनले तिथंच जायलेत," ती म्हणाली. "त्या हिरीवर मी त्यांना उभं बघितलंय, हर्षाली. पान्यात नुसतं मुंडकं दिसत हुतं. तरी न्हाय ऐकायचं? उद्या येळवस झाली की माझा आवाज पुसून टाक. पाटीसंगं बी बोलायचं न्हाय मला."

आई एकदा ठरवलं की ठरवतेच, आणि हा दोरसुद्धा तुटला तर घरात म्हशीशिवाय बोलायला कुणी उरणार नव्हतं. खरं सांगायचं तर मला रडू आलं.

सकाळी युवराजच्या टमटममध्ये भांडी आणि पाहुणे चढले. आईसाठी पुढची जागा ठेवली होती. ती आंबिलीचं मडकं घेऊन आली आणि म्हणाली, "मी होडीतनं येते."

युवराजनं सुरू केलेली टमटम बंद केली. आई जन्मात होडीत बसली नव्हती. पाण्याची तिला भीती. मी तिचा दंड धरून तिला मागच्या फळीवर बसवलं आणि शेजारी बसले. आप्पांनी एकदा वळून बघितलं, मग आमच्याकडं पाठ करून पुढं टॅबकडं तोंड केलं आणि वल्ही हातात घेतली. पाण्यावर पांढरं धुकं होतं, नळदुर्गच्या किल्ल्याच्या बाजूचं काही दिसत नव्हतं. आईनं एका हातानं मडकं कवटाळलं होतं, दुसऱ्या हातानं माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगड्या रुतल्या.

"अवो, उजव्या हाताला घ्या. खुंट हाय," टॅब म्हणाला. आप्पांनी होडी उजवीकडं घेतली. लगेच, मुकाट्यानं. आई बघत होती.

मग विहीर आली. आप्पांचा हात सवयीनं वळला. होडी विहिरीकडं निघाली, पण आत गेली नाही. खूण बोलायला लागते त्या हद्दीवरच, दगडापासून चांगली लांब, ती हळूहळू गोल फिरायला लागली.

"अवो, तिकडं न्हाय. हीर हाय तिथं," टॅबमधली आई म्हणाली. "ऐका की वो माझं."

आणि आप्पा टॅबकडं जरासे वाकून, रोज म्हणत असतील तसं म्हणाले, "ऐकायलोय की गं. बोल."

बोलून गेल्यावर त्यांना आठवलं मागं कोण बसलंय. वल्ही थांबली. त्यांची मान खाली गेली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. होडी आपल्या वेगानं तशीच थोडी फिरली, हद्दीच्या बाहेर गेली, पुन्हा आत आली.

"ऐका की वो माझं," टॅब परत म्हणाला.

आईनं माझं मनगट सोडलं.

"अवो," ती म्हणाली, "मी हितं बसलेय की. त्या पाटीसंगं काय बोलायलाव?"

आप्पांनी असं गर्रकन वळून बघितलं की होडी डचमळली आणि आंबील आमच्या दोघींच्या मांडीवर सांडली. आई ओरडली, "पुढं बघा, पुढं! बुडवताव का?" आप्पा पुढं बघून वल्हवायला लागले. वल्हवता वल्हवता त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. धुक्यानं भिजलं असेल, असं मी म्हणणार नाही. रडत होते आमचे आप्पा. आई मात्र काठ येईपर्यंत बोलत होती. अडीच महिन्यांचं साठलेलं होतं, आणि आप्पांना होडीतून उठून चपला घालून जायला जागा नव्हती.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "पुसू का आवाज?"

"राहू दे. मी रोज थोडीच होडीत बसनार हाय? हिरीवरचा तेवढा बदल."

तिनं टॅब जवळ ओढला आणि बटण दाबायची वाट न बघता सुरू केलं. मला पहिल्यापासून परत भरायला लावावं लागलं. "अवो, हितं घुटमळू नका. घरी या, घरी बोलते."

त्यानंतरच्या रेघा मी कळंबहून सुट्टीला आले की बघते. सगळ्या सरळ आहेत. फक्त येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, नवा आवाज पहिल्यांदा वाजला तेव्हा, विहिरीभोवती एक वेढा आहे. तेवढा मी आईला दाखवला नाही.