धुतलेली टाकी

"मालाची धार कामून न्हाई पडायली?" अण्णारावांनी पुन्हा टाकीच्या नळीवरच्या काचेला डोळा लावला.

हुमनाबादच्या त्या कारखान्यात अल्कोहोल आणि ॲसिड एकत्र तापवत. ॲसिड अल्कोहोलातलं पाणी ओढून घेई आणि औषधांना लागणारा वेगळाच द्रव बाहेर पडे. आज मात्र आत घातलेलं अल्कोहोलच तसंच्या तसं परत येत होतं.

कोहिनूर गावची ज्योत्स्ना, नवी केमिस्ट, टाकीतलं ॲसिड तपासून आली.

"अण्णा, ॲसिड पातळ झालंय. टाकीत पाणी ऱ्हायलं होतं का?"

अण्णारावांना कालचं आठवलं. काल आयुधपूजा झाली होती. सगळ्यांनी आपापलं मशीन बाहेरून पुसून हळदकुंकू लावलं. अण्णारावांनी मात्र हौसेनं टाकी आतूनही धुतली. जिच्या जिवावर पोरींची लग्नं झाली, तिला नुसतं फडकं मारून कसं भागणार? पण त्यांच्यासारख्या कंत्राटी माणसाच्या हातून बॅच वाया गेली, तर त्याला उद्या गेटवरूनच परत पाठवत.

ते घाबरून कडक ॲसिडच्या कॅनकडे धावले.

"ह्ये समदं वततो, बाई!"

"थांबा! लई कडक झालं तर आतल्या मालाचा कोळसा व्हईल. आदी गार होऊ द्या."

टाकी गार झाल्यावर तिनं हिशेब केला आणि लागेल तेवढंच ॲसिड हळूहळू सोडलं. मग मॅनेजर शिवय्यांना फोन लावला. ती कन्नडात बोलत होती. अण्णारावांना शब्दन् शब्द कळत होता. टाकी ओली होती, भरण्याआधी बघायचं काम माझं होतं, मी बघितलं नाही, असं ती सांगत होती. अण्णारावांचं नाव कुठेच नव्हतं.

सख्ख्या माणसानं तरी एवढं केलं असतं का? पण अण्णारावांना गप्प बसवेना. ते फोनजवळ जाऊन कन्नडातच ओरडले, "साहेब, टाकी मी धुतली!"

पलीकडून शिवय्या म्हणाले, आधी माल काढा, दोघांशी नंतर बोलतो.

"कामून सांगितलाव, अण्णा?" ज्योत्स्ना चिडली.

"तू एकलीच कामून बोलणी खाशील, माय?"

पुन्हा तापवल्यावर काचेत हवा तो नितळ द्रव दिसू लागला. अण्णाराव भिंतीशी जाऊन उभे राहिले. आता आपण कशाला हात लावायचा, असं त्यांना वाटत होतं.

"तितं कामून हुबारलाव?" ज्योत्स्ना माल सोडायच्या वॉल्व्हपासून बाजूला झाली. "या, खोला."

अण्णारावांनी दोन्ही हात पँटला पुसले आणि वॉल्व्ह धरला.