एका वेणीत सगळ्या तारा

वहिनीनं घरीच जुळवलेली, पलंगापर्यंत पाणी पोचवायची छोटी गाडी स्वयंपाकघरातून निघाली, बोळात पोचली आणि समोर काही नसताना भिंतीला धडकल्यासारखी गचकन थांबली. वरची पाण्याची बाटली कलंडली.

"तुझ्या गाडोबाला भुतं दिसतात, वहिनी," पलंगावरून नणंद म्हणाली. मांडीचं हाड मोडल्यापासून तिची जीभ दुप्पट चालत होती. त्या जिभेवर येत नसे ते फक्त पाणी मागणं. घसा कोरडा पडला तरी गप्प. आता तर तिनं शुश्रूषा केंद्रात जायचं ठरवलं होतं. उद्या न्यायला येणार होते. "तिथं पगारी माणसं असतात. मागायला लाज वाटत नाही."

वहिनीला ते लागलं होतं. नवी नवरी असताना तिनं सासऱ्यांचा रेडिओ, आत कोण बोलतं ते बघायला, खोलला आणि कायमचा मुका केला. तेव्हा "माझ्या हातून पडला" म्हणत बोलणी खाल्ली ती याच नणंदेनं. वर हळूच विचारलं, "अजून काही खोलायचंय?" तिथून वहिनी यंत्रं खोलायला-जोडायला शिकत गेली ती आजवर.

गाडीच्या नाकावर बटण होतं. पलंगाच्या पायाला टेकून दाबलं गेलं की त्याचा दिवा पेटायचा आणि गाडीनं थांबायचं. वहिनीनं गाडी उचलून धरली. मोटार बंद, तर बटणाचा दिवा शांत. मोटार फिरली, की कुणी हात न लावता दिवा लुकलुके.

"बटण बिचारं बरोबर आहे हो, वन्सं. मोटारीच्या विजेचा गलका त्याच्या तारेत शिरतोय."

"बघू." नणंदेनं गाडी पोटावर घेतली आणि हसतच सुटली. "अगं, ही तिपेडी वेणी कुणी घातली?"

नीटनेटकं दिसावं म्हणून वहिनीनंच सगळ्या तारा एकत्र गुंफल्या होत्या.

"भांडकुदळ जाऊ आणि गरीब जाऊ एका पांघरुणात निजवल्यास! ती कान भरणारच."

नणंदेनं वेणी सोडवली. मोटारीच्या तारा एका अंगानं नेल्या. बटणाच्या दोन तारांना आपसात घट्ट पीळ घालून दुसऱ्या अंगानं. त्या तारा गाडीच्या सर्किट-बोर्डाला मिळतात तिथं वहिनीनं छोटा कपॅसिटर डाग देऊन बसवला. उरलासुरला गलका तो गिळणार होता.

गाडी बोळातून सरळ आली, पलंगाला टेकली, थांबली. नणंदेनं वरच्या बाटलीतून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार आहे गं. जरा कोमट करून आण ना."

आण म्हणाली! वहिनीनं पातेलं शेगडीवर ठेवलं खरं, पण डोळे भरल्यानं तिला शेगडीचं बटण सापडेना.

"आणि त्या केंद्रवाल्यांना कळव," मागून आवाज आला, "येऊ नका म्हणावं."